साडूचा समुद्र

परवा आमच्या सोलापुरात सात रस्त्याला हुरडा दिसला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, गारठलेला, ओळीनं मांडून ठेवलेला. विकणाऱ्या बाईंना विचारलं, "गूळभेंडीचा हाय का?" त्या म्हणाल्या, "हुरडा हाय की, काका." गूळभेंडी ही हुरड्याची खास ज्वारी, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एक पिशवी घेतली, घरी आणली, तव्यावर परतली. वास सुटला.

हुरड्याच्या वासानं माणसांना काय काय आठवतं. कुणाला शिवार आठवतं, कुणाला आगटीची ऊब, कुणाला कुणीतरी हळूच पुढं केलेली ओंजळ. मला आठवतो फुटलेला सेल. आणि साडू.

साडू हे नातं कुणी बघून करत नाही. बायको बघतो, सासू-सासऱ्यांचीही चौकशी करतो. साडू मात्र आपल्या लग्नात फेटा बांधून आयताच उभा असतो. पुढं जन्मभर आपली उंची त्याच्या शेजारी उभं करून मोजली जाते. माझे साडू शिवानंदराव, म्हणजे माझ्या बायकोच्या, कलावतीच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. गाव अक्कलकोटकडचं. घरात कानडी, दारात मराठी, आणि गावच्या विहिरीत उन्हाळ्यात पाण्यापेक्षा पारवे जास्त. अशा गावचा हा माणूस मालवाहू जहाजावर नोकरीला लागला! मी सुताच्या पेढीवर कारकून. ते एडनच्या बंदरातल्या गोष्टी सांगायचे, आणि मी सांगायचो चाळीस नंबरी सुताच्या. तुम्हीच ठरवा, कुणाच्या गोष्टीला माणसं जवळ सरकतील.

सासुरवाडी वैरागची. हिवाळ्यात ज्वारी दुधात आली की सासरे, म्हणजे अप्पा, दोन्ही जावयांना हुरड्याला बोलवायचे. रानात खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवलेल्या, ती आगटी. निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की गोणपाटावर चोळायची. हिरवे, मऊ, वाफाळते दाणे, त्यावर शेंगाची चटणी, बाजूला दही आणि गूळ, तोंड चाळवायला बोरं. आगटीच्या एका अंगाला मी बसायचो, दुसऱ्या अंगाला शिवानंदराव. सगळं गोत त्यांच्या बाजूला. माझ्या बाजूला काय यायचं? धूर. मोठा जावई कुठला, हे वाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं.

"जहाजावर आमच्या हातात रेडिओ असतो," एका हिवाळ्यात ते म्हणाले. "विटेएवढा. ऐकायला येतं, तसं बोलायलाबी येतं."

"हातात धरून बोलायचं?" अप्पांच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. "तारबीर कायबी न्हाय?"

"न्हाय की. समोरचं जहाज डोळ्याला दिसत न्हाय, पर त्यातला माणूस कानात बोलतोय. फकस्त बॅटरी सांभाळायची बघा. सगळा जीव बॅटरीत. काम झालं की काढून कोरड्या जागेला ठेवायची. खारा वारा लागतो, म्हणून गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्यानं. कंटाळा केला की संपलं."

माणसं प्रवचन ऐकावं तशी ऐकत होती. कलासुद्धा. कणीस चोळायचं थांबून, ओठ किंचित उघडे ठेवून. मी पेढीवरची गोष्ट सांगायला लागलो की हिचा हात अधिक वेगानं चालायचा. शेंगा फोडायच्या असतील तर मोठ्यानं फोडायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. हुरडा कुठला, कडबाही दिसेना. रानात ज्वारीऐवजी भेगा. त्या सगळ्या हलाखीत माझं एक हलकट मन कोपऱ्यात बसून म्हणायचं, चला, निदान साडूचं प्रवचन तरी चुकलं. असं मन देवानं मलाच दिलंय की सगळ्यांना, हे अजून कुणाला विचारलेलं नाही.

दुष्काळ सरल्यावर पहिली बरी ज्वारी आली तो हिवाळा मी विसरणार नाही. वैरागहून निरोप आला की संक्रांतीच्या सुट्टीला हुरड्याला या. त्याच निरोपात होतं, शिवानंदराव जहाजावर आहेत, यंदा यायचे नाहीत. मी मनातल्या मनात आमच्या अख्ख्या शुक्रवार पेठेत साखर वाटली. यंदा आगटीच्या दोन्ही बाजू माझ्या! आता फक्त हातात धरायला काहीतरी पाहिजे होतं.

सात रस्त्याजवळ रसूलभाईंचं रेडिओचं दुकान होतं. नवे, जुने, आणि ज्यांचं वय विचारू नये असे. त्यांनी माझ्यापुढं दोन सेट ठेवले. एक साधा, गोल चेहऱ्याचा, आवाज कसा स्वच्छ. सांगली केंद्र घरात येऊन बसल्यासारखं लागत होतं. शहाण्या माणसानं तोच उचलला असता. दुसरा काळ्या चामड्याच्या पिशवीतला, विटेएवढा, ओढाल तितकी लांब होणारी एरियल, आणि काचेवर आकड्यांची एक जादा ओळ. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वो मरीन बँड है, साब," रसूलभाई म्हणाले. "उसमें दरिया लगता."

"सोलापुरात?"

"दरिया कित्ता बड़ा रहता साब! सोलापुर तक आवाज आतीच ना."

हा युक्तिवाद मला पटवूनच घ्यायचा होता. विटेएवढा, हातात मावणारा, समुद्राचा. मी वीट घेतली.

घरी कलानं विचारलं, "ह्याच्यात सांगली लागती का?"

"थोडी खरखर आहे. पण मरीन बँड आहे."

"त्यात काय लागतं?"

"समुद्र."

"आन् बातम्या?"

मी एरियल आत ढकलली.

मग सुरू झाली बॅटरीची सेवा. शिवानंदरावांचा शब्दन् शब्द मला पाठ होता. हेवा माणसाची स्मरणशक्ती फार चांगली ठेवतो. वापर झाला की तिन्ही सेल काढायचे, चादरीच्या तुकड्यात गुंडाळून फडताळात ठेवायचे. सुट्टीच्या सकाळी गच्चीवर उन्हाला ठेवायचे, उन्हानं सेलला तरतरी येते म्हणून. शेजारच्या काकू पापड राखायला बसायच्या, मी सेल राखायला. आणि रोज रात्री जेवणानंतर सेटला ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्यानं. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं.

"माणसाला अंगावर घ्यायला पाणी न्हाय, आन् रेडिओला रोज आंघोळ!" कला म्हणाली.

"खारा वारा लागतो त्याला."

"शुक्रवार पेठेत?"

मी पुसत राहिलो. ती घागर उचलता उचलता म्हणाली, "आपल्या घरात मीठ डब्यात असतंय, वाऱ्यात न्हाय." तरी मी पुसलाच. तिकडं अथांग समुद्रावर साडू पुसत असणार, मग मी का मागं राहू?

वैरागला एस.टी.नं पोचलो, रानात गेलो, आणि पहिला धक्का बसला. आगटी पेटलेली होती. एका बाजूला माणसं बसलेली. दुसऱ्या बाजूला, शिवानंदराव बसायचे तिथं, पोतं अंथरलेलं. रिकामं. त्यावर कुणी बसत नव्हतं, लेकरं आली तरी वळसा घालून जात होती. मी सहज म्हणून तिकडं सरकलो, तर सासूबाई, आम्ही त्यांना अव्वा म्हणतो, हळूच म्हणाल्या, "जावईबापू, हिकडं बसा की. तितं जरा ऊन लागतंय." थंडीच्या सकाळी कुणाला ऊन नको असतं? मी परत धुरात येऊन बसलो.

दिवाळीपासून शिवानंदरावांची काही खबर नव्हती. एरवी प्रत्येक बंदरावरून चार ओळी यायच्या, यंदा एकही नाही. अक्का, म्हणजे कलाची थोरली बहीण सुशीला, तेव्हापासून माहेरीच होती. तिच्यापुढं कुणी तो विषय काढत नव्हतं. फक्त सगळे तिच्या पानात जास्त वाढत होते, आणि ती ते हळूच कलाच्या पानात सरकवत होती. माझ्या लक्षात हे आलं होतं. आलं नव्हतं असं कसं म्हणू? पण मला त्याहून ठळक दिसत होतं ते रिकामं पोतं. माणूस हजर असताना सगळा भाव खायचा. गैरहजर राहून तर त्यानं पोत्यासकट आगटी खाल्ली!

संध्याकाळी मी पिशवीतून सेट काढला. सेल बसवले, एरियल ताणली, काटा त्या जादा ओळीवर नेला. खर्र्र... बारीक, मग मोठी, मग पुन्हा बारीक. अप्पांनी कानावरचा मफलर मागं सारला.

"समुद्र असाच वाजतो व्हय?"

"असाच," मी म्हणालो. मी तरी कुठं समुद्र पाहिला होता!

ज्वारीच्या पानांवरून वारं आलं, ती सळसळ त्या खरखरीत मिसळली, आणि खरं सांगतो, घटकाभर मलाही वाटलं की बांधाच्या पलीकडं पाणी आहे. तेवढ्यात त्या खरखरीतून आलं, टी टिट्, टी टिट्.

"टिटवी हाय," अप्पा म्हणाले.

"न्हाय अप्पा, जहाज हाय!"

सगळी डोकी माझ्याकडं वळली. कलाचंसुद्धा. लग्नानंतर पहिल्यांदा तिचे ओठ माझ्यासाठी किंचित उघडे होते. काय सांगू तुम्हाला, राजाला राज्याभिषेकात असंच वाटत असेल. आणि त्याच नशेत असताना अक्का पदराला हात पुसत पुढं आली.

"भावजी, ह्यात ह्यांचं जहाज लागंल?"

"लागेल की!" मी म्हणालो.

'बघू' म्हणायला काय झालं होतं? पण राजे लोक 'बघू' म्हणत नाहीत.

त्या दिवसापासून दिवे लागायच्या वेळेला अक्का यायची, सेट घ्यायची, बांधावर जाऊन बसायची आणि कानाला लावायची. ज्वारीची कणसं काळी होत जायची, आकाश आधी भगवं मग राखी, आणि त्यात तिचं एका बाजूला कललेलं डोकं. मी आगटीपाशी बसून जळत असायचो. सेल उतरताहेत म्हणून एक जळणं. आणि खरं मोठं जळणं वेगळंच. सेट माझा, सेल माझे, गोडं पाणी माझ्या नळाचं, आणि समुद्र साडूचा.

"अक्का, लागलं का काही?" मी विचारायचो.

"खरखर हाय नुसती," ती म्हणायची. "पर जवळची वाटती."

मग एका संध्याकाळी ती लवकर उठून आली. चेहरा उतरलेला. "आज लई लांब गेल्यासारखं वाटतंय, भावजी. ऐकूच येईना."

जहाज कुठलं लांब जातंय! सेल संपत आले होते. पण ते मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार? मला राज्य सोडायचं नव्हतं, हे एक. आणि तिच्या त्या चेहऱ्यापुढं 'सेल' हा शब्द फार कोता वाटला, हे दुसरं. दोन्हीतलं खरं कुठलं हे मला तेव्हाही कळलं नाही.

सकाळी मी उपचार सुरू केले. आधी तिन्ही सेल दातांनी चावले. चेपला की आतला उरलासुरला जोर वर येतो, असा तेव्हा सगळ्यांचाच विश्वास. मग उन्हाला ठेवायचे, तर धुकं. ऊब पाहिजे. ऊब कुठं आहे? आगटीत. मी निखाऱ्यांच्या कडेला, राखेत, तिन्ही सेल अंड्यांसारखे ठेवले. दोनच मिनिटं ठेवणार होतो. तेवढ्यात बार्शीहून अप्पांचे पाहुणे आले, हुरडा खायला बसले, आणि त्यांतल्या एकानं विचारलं, "जावईबापू, तुमच्याकडं जहाजं ऐकू येतात म्हणं?"

बस. मी एडनला पोचलो.

बंदराचं वर्णन रंगात आलं असताना आगटीत फट्ट झालं. मग आणखी एक. राख उडाली, निखारे उडाले, आणि सेलमधला काळा चिकट मसाला ताज्या चोळलेल्या हुरड्यावर, दह्यात, आणि बार्शीकरांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर शिंपडला. अप्पांनी गोणपाटावरचा एक काळा दाणा उचलून निरखून पाहिला.

"ही चटणी कुठली म्हणायची, जावईबापू? एडनची व्हय?"

जे हसले, ते हसले. अव्वा तोंडाला पदर लावून हसल्या, धोतरवाले पाहुणे हसले, कला तर बोरांच्या टोपलीवर आडवी झाली. माझ्या आयुष्यात एवढी माणसं माझ्या गोष्टीला एकाच वेळी कधी जवळ सरकली नव्हती.

हसली नाही ती अक्का. तिनं राखेतून तिसरा सेल काठीनं बाहेर ढकलला. फुगून वाकडा झालेला. त्याच्याकडं बघत तिनं एवढंच विचारलं, "मग आज संध्याकाळी?"

हसणं थांबलं. एकाएकी नाही, एकेक जण थांबत गेला.

अप्पा उठले. खोपटात गेले, त्यांची लांब विजेरी घेऊन आले. डुकरं ज्वारीत शिरतात म्हणून रोज रात्री ते हीच घेऊन राखणीला बसायचे. त्यांनी मागचं झाकण फिरवलं आणि तिन्ही सेल माझ्या ओंजळीत पाडले. प्रसाद द्यावा तसे.

"अप्पा, राखणीला?"

"कंदील हाय की," ते म्हणाले. मग आगटीकडं बघत, "तुमी समुद्र लावा."

त्या संध्याकाळी खरखर घसघशीत लागली. अक्काच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "जवळ आलं," ती म्हणाली. म्हातारा तिकडं मिणमिणत्या कंदिलाशेजारी काठी आपटत बसला होता. जावयासाठी. जो जावई तिथं नव्हता, त्याच्यासाठी. उद्या मी हरवलो तर? अप्पांनी सेल दिले असते, त्यात शंका नाही, माणूस देवासारखा. पण मला लावायचं कुठं? शुक्रवार पेठ ते सुताची पेढी, या वाटेला कुठला बँड असतो?

चैत्रात शिवानंदराव वैरागच्या एस.टी. स्टँडवर उतरले. अंगावरचे कपडे दुसऱ्याचे वाटावेत इतके वाळलेले. कुठल्याशा बंदरावर कावीळ झाली, जहाजानं त्यांना तिथल्या दवाखान्यात उतरवलं आणि ते पुढं निघून गेलं. महिनोन् महिने ते तिथल्या खाटेवर. शुद्धीवर आल्यावर लिहिलेलं काही इकडं पोचलं नाही.

आम्ही सगळे भेटायला गेलो. कुणीतरी माझ्या सेटची आणि काळ्या चटणीची गोष्ट काढली. ते मनापासून हसले. सेट हातात घेऊन उलटापालटा केला.

"अवं साडूभाऊ, ह्यात हितनं माझं जहाज? ढेकूळसुद्धा लागायचं न्हाय! आन् मी तर तवा जहाजावर नव्हतोच की. जमिनीवर पडलोवतो."

पुन्हा हसू उसळलं. तेवढ्यात चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या अक्कानं भाकरी थापता थापता म्हटलं,

"लागत होतं की."

थापायचा आवाज मध्ये थांबलासुद्धा नाही. शिवानंदरावांनी सेट खाली ठेवला आणि खिशात काहीतरी शोधू लागले, जे तिथं नव्हतं.

त्या माणसाचा मी एडनसाठी हेवा केला होता, विटेएवढ्या रेडिओसाठी, धूर न येणाऱ्या बाजूसाठी. ते सगळे हेवे त्या दुपारी किरकोळ झाले. हा नवा हेवा फार दांडगा होता. माझ्यासाठी खरखरीला कान कोण लावणार? मी रोज ठरल्या वेळी घरी. जिन्यातल्या माझ्या खोकल्यावर कला कुकर उतरवायची.

मग मी काय केलं असेल? जे कुठलाही समंजस माणूस करणार नाही, ते. एका संध्याकाळी पेढी सुटल्यावर घरी गेलोच नाही. सात रस्त्याला एका पुलाच्या कठड्यावर बसलो. शेंगा घेतल्या. टांगे गेले, सायकली गेल्या, रसूलभाईंनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि जाताना विचारलं, "क्या साब, घर में झगड़ा?" मी हसून मान हलवली. कल्पनेत कला दारात उभी होती, शेजारपाजारी विचारत होती, पदर डोळ्यांना लावत होती. शेंगा संपल्या, डास वाढले, तसा मी हरवायचा कंटाळा येऊन घरी निघालो.

दार उघडून कला म्हणाली, "दळण आणलं का?"

दळण! सकाळी तिनं सांगितलं होतं. मी मान खाली घालून जेवलो. ताट गरम होतं, एवढं लक्षात आलं. पण भात गरम असणं म्हणजे काही कान लावणं नव्हे.

जेवण झाल्यावर सवयीनं ओलं फडकं घेतलं आणि फळीवरचा सेट खाली काढला. हाताला जड लागला. सेल तर मी सकाळी काढून फडताळात ठेवले होते. झाकण उघडलं. तिन्ही सेल आत. तिन्ही उलटे बसवलेले. आणि काचेवरचा काटा सांगलीवर नव्हता; पार टोकाला, त्या जादा ओळीवर गेला होता.

"हा कुणी लावलावता?"

"मांजरानं," कला म्हणाली. ती भांड्यांकडं तोंड करून होती, आणि पातेलं घासून कधीच लख्ख झालं होतं, तरी घासत होती.

सेल उलटे. म्हणजे खरखरसुद्धा झाली नसणार. त्या मुक्या डब्याला कान लावून ती किती वेळ बसली होती, मी विचारलं नाही. सेल उलटे होते हेही सांगितलं नाही. हळूच सुलटे केले आणि झाकण लावून टाकलं.

त्यानंतर मी कधी सेल काढून ठेवले नाहीत. न जाणो, कधी खरंच उशीर झाला तर तयार असावेत म्हणून. साडूभाऊंचा नियम मोडला, आणि व्हायचं तेच झालं. सेल गळले, आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या, सेट कायमचा बसला. अजून आहे फळीवर. कला त्याला अधूनमधून पुसते. कोरड्या फडक्यानं.

तव्यावरचा हुरडा खाल्ला. गूळभेंडीचा नव्हता. आणि पुलाच्या कठड्यावर शेंगा खात बसलेला तो नालायक माणूस आठवला, ज्याच्यासाठी त्या संध्याकाळी कुणीतरी समुद्र लावून बसलं होतं आणि ज्याला त्याचा पत्ताच नव्हता. साडूचा हेवा कधीच सरला. त्या माणसाचा मात्र मला अजून वाटतो.